समीक्षाबद्दल दोन मतं आहेत

"या खेपेला सात! सातच्या खाली आलो तर मिशी उतरवीन!"

अमृतनं ही घोषणा केली तेव्हा त्याची आई अंबूबाई भाकरी थापत होती. सात म्हणजे कशात सात, हे तिला कळलं नाही. पण पोरगं मिशीवर उठलंय म्हणजे प्रकरण साधं नाही, एवढं मात्र तिनं ओळखलं.

अमृत मूळचा वडूजचा, पण साताऱ्यातल्या एका खाजगी दवाखान्यात ब्रदर होता. सुई अशी टोचायचा की पेशंटला कळायच्या आत कापूस लावून मोकळा! त्याला आयर्लंडला जायचं होतं. तिकडं ब्रदरना मागणी आहे असं त्याला कळलं होतं. अडचण एकच होती. जाण्याआधी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागे, आणि त्या परीक्षेत निबंध लिहावा लागे. ऐकण्यात, वाचण्यात, बोलण्यात गडी कसाबसा निभावून जायचा. निबंधात मात्र दर वेळी पाच बँडवर गाडी अडायची. बँड म्हणजे तिकडचे मार्क, आणि लागायचे सात.

याचं त्याला फार वाईट वाटे, कारण शाळेत असताना निबंधाचं बक्षीस कधी चुकलं नव्हतं! 'माझी आई', 'माझे गाव', 'माझा आवडता प्राणी', विषय कुठलाही द्या. सुरुवातीला एक सुभाषित, मध्ये भरघोस कौतुक, आणि शेवटी 'म्हणूनच मला बैल खूप खूप आवडतो' असा दणका! गुरुजी खूश, घरचे खूश, बैलही खूश असावा. तीच पद्धत त्यानं इंग्रजीत लावली. मोठ्या शहरात राहणं चांगलं की वाईट, असा प्रश्न आला. त्यानं शहरांची अशी आरती ओवाळली की वाचणाऱ्याला वाटावं, शहर निवडणुकीला उभं आहे.

"अमृत, हा निबंध आहे का सत्काराचं भाषण?" मायामॅडम म्हणाल्या. "फक्त शाल आणि नारळ द्यायचा राहिलाय!"

मायामॅडमचा क्लास पोवई नाक्याजवळ एका स्वीटमार्टच्या वर होता. त्यामुळे तिथं शिकणाऱ्यांच्या इंग्रजीला पेढ्यांचा वास येई. मॅडम कडक होत्या, पण मनानं चांगल्या. त्यांनी अमृतला समोर बसवलं आणि इंग्रजी निबंधाचं गुपित एकदाचं सांगून टाकलं.

"हे बघ. तिकडच्या परीक्षकाला कौतुक नको असतं. त्याला तोलून मापून लिहिलेलं हवं असतं. आधी एक बाजू, मग दुसरी बाजू, मग तुझं मत. आणि प्रत्येक मुद्द्याला उदाहरण. उदाहरण नसेल तर मार्क नाही!"

"पण मॅडम, उदाहरण माहीतच नसलं तर?"

"तर रचायचं! तो परीक्षक काय पुसेगावला येऊन चौकशी करणार आहे? फक्त खरं वाटलं पाहिजे. माणसाचं नाव टाक, गाव टाक, नोकरी टाक. नाव, गाव, नोकरी! बिनधास्त ठोकून दे. आणि ही सवय लिहायला बसल्यावर लागत नाही. दिवसभर प्रत्येक गोष्टीचा असाच विचार कर. चहा प्यायलास तरी दोन बाजू!"

अमृत आज्ञाधारक विद्यार्थी. त्यानं सवय लावून घेतली. इतकी लावून घेतली की हळूहळू त्याला साधं 'हो' म्हणता येईना.

पहिला दणका दवाखान्यात बसला. हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या एका आजोबांनी सलाईन लावून घेता घेता विचारलं, "ब्रदर, मी बरा व्हईन न्हवं?"

"आजोबा, याबद्दल दोन मतं आहेत," अमृत म्हणाला.

आजोबांची सून कॉटजवळच होती. तिनं तिथंच हंबरडा फोडला! मुलानं बाहेर जाऊन फोनाफोनी केली. दुपारपर्यंत अख्खी भावकी शेवटचं तोंड बघायला टेम्पोनं हजर! आजोबा तेव्हा कॉटवर बसून मोसंबी खात होते. डॉक्टरांनी अमृतला केबिनमध्ये घेऊन जे काही सुनावलं, त्याला मात्र एकच बाजू होती.

शहाण्या माणसाला एवढ्यावर शहाणपण आलं असतं. अमृतनं ही हकिकत मॅडमना मोठ्या अभिमानानं सांगितली. "मॅडम, आता मला आपोआप सुचतं! ठरवावं सुद्धा लागत नाही!"

आणि त्याच आठवड्यात रविवारी वडूजच्या घरी समीक्षाची बैठक होती.

समीक्षा ही अमृतची धाकटी बहीण. आधी तिनं लग्नाचा विषयच काढू दिला नव्हता. मेढ्याच्या विश्वजितचं स्थळ मात्र तिनं फोटो बघून, मग प्रत्यक्ष भेटून, स्वतःहून पसंत केलं. मुलगा शिरवळला कंपनीत इंजिनिअर, हसतमुख, पोरीशी नीट बोलणारा. दोघांचं फोनवर बोलणं चालू झालं होतं. तिचा चेहरा हल्ली असा उजळलेला असायचा की अंबूबाई रोज मीठ-मोहऱ्या उतरून टाकायची. आता फक्त वडीलधाऱ्यांनी बसून सुपारी फोडायची बाकी होती.

आदल्या दिवशी समीक्षा अमृतला म्हणाली, "दादा, एवढं एक नीट पार पाड हं. मला दुसरं काय नको."

"अगं, मी आहे ना!" अमृत छातीवर हात ठेवून म्हणाला.

मेढ्याची मंडळी दहाच्या सुमारास आली. पुढं होते मुलाचे मामा. पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार, मिशा पांढऱ्या पण टोकं अजून सावधान उभी. मुलाचे वडील हयात नसल्यामुळे सगळा शब्द मामांचा. मागून मुलाची आई, विश्वजित आणि इतर चारचौघं. अमृतच्या वडिलांनी, भाऊसोंनी, पावण्यांना सतरंजीवर बसवलं. पोहे झाले, चहा झाला, पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या. तबकात सुपारी, हळदकुंकू आणि पेढे तयार होते.

आता आपल्याकडच्या बैठकीत मुलीच्या भावाला एक प्रश्न ठरलेला असतो, आणि त्याचं उत्तरही ठरलेलं असतं. प्रश्न असा, "काय पावणं, बहिणीबद्दल काय सांगताय?" आणि उत्तर असं, "आमी काय सांगायचं! सोन्यासारखी पोरगी हाय. आता तुमचीच लेक समजा!" संपलं. पोरगी स्वयंपाकघरात भांडी आपटत असली तरी उत्तर हेच. ज्वारी बाजारात नेल्यावर त्यात किडे किती ते कुणी ओरडून सांगत नाही.

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला आणि हसत विचारलं, "काय पावणं, बहिणीबद्दल काय सांगताय?"

अमृत सरळ बसला. घसा साफ केला. आणि त्याच्या तोंडून, खरंच सांगतो, आपोआप निघालं.

"समीक्षाबद्दल दोन मतं आहेत."

भाऊसोंच्या हातातली सुपारी हातातच राहिली!

"पहिलं मत असं," अमृत पुढं म्हणाला, "की ती अत्यंत जबाबदार मुलगी आहे. उदाहरणार्थ, आईचं ऑपरेशन झालं तेव्हा तिनं एक वर्ष कॉलेज सोडलं, घर सांभाळलं, आणि मला मात्र हॉस्टेलवरून घरी येऊ दिलं नाही. माझं शिक्षण तिच्यामुळं पुरं झालं."

मुलाच्या आईनं कौतुकानं मान हलवली. भाऊसोंचा जीव भांड्यात पडला. गडी इथं थांबला असता तर! पण एका बाजूवर थांबणं म्हणजे पाच बँड.

"तथापि, दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागेल. काही लोकांच्या मते ती तापट आहे. हे मत पूर्णपणे नाकारता येणार नाही."

"अमृत, पावण्यांना पाणी आण!" भाऊसो म्हणाले.

"नंतर आणतो. तर, ती तापट आहे. मात्र गेल्या वर्षभरात तिच्यात लक्षणीय सुधारणा झालेली दिसते." आता मुद्दा मांडला म्हणजे उदाहरण आलंच! उदाहरण नाही तर मार्क नाही! त्याच्या डोक्यात मॅडमचा आवाज घुमला, नाव, गाव, नोकरी. "उदाहरणार्थ, मागच्या वर्षी म्हसवडचं एक स्थळ आलं होतं. जयराज नावाचा मुलगा, तिथल्या पतसंस्थेत क्लार्क. सगळं ठरत आलेलं. पण हिच्या तापटपणामुळं मोडलं. त्यानंतर मात्र तिनं स्वतःला खूप बदललं. एकंदर विचार करता, माझ्या मते फायदे हे तोट्यांपेक्षा जास्त आहेत."

आणि तो समाधानानं गप्प बसला. प्रस्तावना, दोन बाजू, उदाहरण, समारोप! सगळं जिथल्या तिथं!

 स्वयंपाकघराच्या दारात समीक्षा पेढ्यांची ताटली घेऊन उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो चेहरा दिसला आणि अमृत एकदम जागा झाला. आपण परीक्षेला बसलेलो नाही, आपण आपल्या घरात सतरंजीवर बसलोय, हे त्याच्या ध्यानात आलं. जयराज नावाचा कुणी मुलगा जगात नाही, हेही ध्यानात आलं.

तो तोंड उघडणार, तेवढ्यात सुभेदार उठले. तडक त्याच्याकडं आले आणि पाठीवर अशी थाप मारली की पोहे वर आले.

"शाब्बास, गड्या! तीस वर्षं पलटणीत काढली, पण असा खरं बोलणारा माणूस न्हाई बघितला! सख्ख्या बहिणीचं असून एक अक्षर झाकलं न्हाईस!"

आता काय बोलणार? 'सुभेदारसाहेब, ते खोटं होतं' असं? पाठीवरचा हात अजून पाठीवरच होता.  अमृतला इतकी लाज वाटली की ती लपवायला तो हसला, आणि ते हसू सुभेदारांना विनय वाटलं.

"पर भाऊसो," सुभेदार वळून म्हणाले, "एकदा ठरून मोडलेलं हाय म्हटल्यावर चौकशी करणं आमाला भाग हाय. राग मानू नगा. सुपारीचं मागनं बघू."

पेढ्याला हातही न लावता मंडळी गेली. जाताना विश्वजितनं एकदा स्वयंपाकघराकडं पाहिलं, पण दारात कुणी नव्हतं.

गाडी वळणाआड झाली आणि घरात रणकंदन सुरू झालं.

"म्हसवडचं स्थळ कवा आलं रं?" भाऊसो गरजले. "मला बापाला ठाव न्हाई, अन् तुला ठाव?"

"आलंच नव्हतं, आबा. मी... उदाहरण दिलं."

"कसलं उदाहरण?"

"रचलेलं. निबंधात रचावं लागतं."

अंबूबाई मटकन खाली बसली. "म्हंजे नसलेल्या पोरानं माझ्या पोरीला नाकारलं? आरं, असल्यानं नाकारलं असतं तरी सोसलं असतं!"

 समीक्षा तापट पोरगी, एरवी अशा वेळी लाटणं फेकून मारलं असतं. तिनं ते मारावं असं अमृतला फार वाटलं. पण ती नुसती त्याच्याकडं बघून म्हणाली, "दादा, मी तुला एकच काम सांगितलं होतं." आणि आत जाऊन दार लावून घेतलं. कोयंडा हळू लागला. तो आवाज अमृतला पुढं कितीतरी दिवस ऐकू येत राहिला.

"आत्ताच्या आत्ता मेढ्याला जा अन् खरं काय ते सांग. आमी सांगितलं तर पोरीचं झाकायला बघत्यात म्हणतील," भाऊसो म्हणाले.

"जातो," अमृत म्हणाला, आणि एसटीत बसला. पण साताऱ्याला उतरल्यावर त्याचे पाय मेढ्याच्या गाडीकडं वळेनात. त्या माणसानं खरेपणासाठी पाठ थोपटली होती. त्याच पाठीनं जाऊन सांगायचं की मी थाप मारली? उद्या फोन करू, त्यानं स्वतःला समजावलं. उद्या उगवला, तेव्हा परवा करू. फोन हातात घ्यायचा, सुभेदारांचं नाव काढायचं, आणि घाम फुटला की परत खिशात ठेवायचा. इंजेक्शन देताना ज्याचा हात कधी हलला नाही, त्या गड्याला ते एक नाव दाबता येईना.

इकडं सुभेदार स्वस्थ बसणारे नव्हते. मेढ्यातून त्यांनी गाडी काढली आणि थेट म्हसवड गाठलं. आधी सिद्धनाथाचं दर्शन घेतलं, आणि मग देवळाबाहेरच्या पेढेवाल्याला विचारलं, "हितं पतसंस्थेत जयराज नावाचा क्लार्क कोण?"

आता सांगा, म्हसवडात पतसंस्था काय कमी आहेत, आणि जयराज काय कमी आहेत! पेढेवाल्यानं एका झटक्यात पत्ता सांगितला. इतकंच नाही, तर सोबत येऊन घर दाखवलं.

त्या खऱ्याखुऱ्या जयराजचं लग्न पंधरवड्यावर आलं होतं. दारात मांडवाचे वासे येऊन पडले होते. ओट्यावर त्याची आई हरणाबाई पापड वाळत घालत होती, आणि तिच्या शेजारी नेमकी जयराजच्या होणाऱ्या सासरची दोन माणसं चहा पीत बसली होती.

"रामराम," सुभेदार म्हणाले. "वडूजच्या भाऊसोंच्या लेकीशी तुमच्या जयराजचं ठरून मोडलं, त्याची जरा चौकशी करायला आलोय."

होणाऱ्या सासरच्या माणसांचा चहा कपात परत आला! "ठरलं हुतं? आमाला सांगितलं न्हाई?" ते उठूनच उभे राहिले. हरणाबाई शपथा घेऊ लागली. जयराजला पतसंस्थेतून बोलावून आणलं. तो म्हणाला, मी जन्मात वडूजला गेलो नाही. त्यावर सासरकडचा एकजण म्हणाला, "परवाच तर सांगत हुता की वडूजला ट्रेनिंग झालं!" झालं, बिचारा जयराज अडकला. आणि सुभेदार निक्षून सांगायला मोकळे, "सख्ख्या भावानं सांगितलंय हो! अन् तो पोरगा खोटं बोलणाऱ्यातला न्हाई!"

दुसऱ्या दिवशी अमृत सुट्टी म्हणून घरी आला होता. दारात जीप थांबली. हरणाबाई उतरली, मागून जयराज, मागून ती सासरची दोन माणसं. त्यांच्या मागं दुसरी गाडी. त्यातून सुभेदार, विश्वजित आणि विश्वजितची आई. सुभेदारांनीच सगळ्यांना समोरासमोर बसवायचं ठरवलं होतं. पलटणीचा नियम, संशय असला की समोरासमोर!

"कुटं हाय ती पोरगी?" हरणाबाई अंगणातूनच कडाडली. "माझ्या लेकाला नासवायला निघालीया! मांडव घालून बसलोय आमी!"

गल्लीतली माणसं दारादारात आली. कुणी तरी पाटावर बसूनच तमाशा बघू लागलं. आणि तेव्हा पुढच्या दारातून समीक्षा बाहेर येताना अमृतला दिसली. न केलेल्या गुन्ह्याची कबुली द्यायला निघाल्यासारखी ती हातात उलथनं तसंच घेऊन, खाली मान घालून येत होती.  आता गप्प राहिलो, तर आयर्लंडला जाऊनही या मानेकडं बघता येणार नाही, एवढं त्याला कळून चुकलं.

"थांबा!" तो ओरडला. "तिचा काय संबंध नाही! जयराजचाही नाही! मीच खोटं बोललो! ते सगळं मी रचलं!"

गल्लीतली माणसं दोन पावलं पुढं सरकली.

"का रचलंस?" सुभेदारांनी विचारलं. आवाज इतका खाली होता की ओरडले असते तर बरं झालं असतं.

"इंग्रजीच्या परीक्षेसाठी. निबंधात उदाहरण द्यावं लागतं. सवय लागली."

हे कुणालाही पटलं नाही! "परीक्षेसाठी कुणी सख्ख्या बहिणीचं लगीन मोडतं व्हय?" हरणाबाई म्हणाली. "ह्ये मागनं रचतोय! माझ्या लेकाचं झाकायला बघतोय!" सासरची माणसं आणखीच साशंक झाली. जयराज अमृतकडं असा बघत होता की पापणी सुद्धा हलत नव्हती.

अमृतनं फोन काढला, मायामॅडमना लावला आणि स्पीकर चालू केला.

"बोल, अमृत! काय अडलं?"

"मॅडम, एक शंका होती. उदाहरण खोटं असलं तर चालतं का?"

"अरे किती वेळा सांगू तुला!" मॅडमचा आवाज अंगणभर पसरला. "बिनधास्त खोटं द्यायचं! कुणी चौकशीला जाणार आहे का? नाव टाक, गाव टाक, नोकरी टाक, आणि ठोकून दे! जितकं सफाईदार खोटं, तितके मार्क जास्त!"

सगळ्या अंगणानं अमृतकडं पाहिलं. हरणाबाईनं त्याच्या हातातून फोन हिसकावला. "आवं बाई, असलं शिकवता? तुमच्या मार्कापायी माझ्या दारातला मांडव निघाला असता की! पोरांना चांगलं काय तरी शिकवा!" फोन बंद झाला. मॅडमनी तो ठेवला की हरणाबाईनं दाबून मारला, ते कळलं नाही.

मग ती समीक्षाजवळ गेली, तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "पोरी, तुला वंगाळ बोलले. मनात धरू नगंस." सासरच्या माणसांनी जयराजच्या खांद्यावर हात ठेवला. जीप आली तशी म्हसवडकडं गेली.

राहिले सुभेदार. ते सावकाश अमृतपुढं आले.

"त्या दिवशी पाठ थोपटली हुती तुझी."

"हो."

"ती थाप परत घेतो."

अमृतनं मान खाली घातली. दर वेळी पाच बँड मिळूनही त्याचा इतका अपमान कधी झाला नव्हता.

"अन् ते तापटपणाचं? त्येबी रचलेलंच का?"

 भाऊसो अमृतला डोळ्यांनी खुणा करत होते. अंबूबाईनं पदर तोंडाला लावला. पण आता आणखी एक खोटं बोलायची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

"नाही," तो पुटपुटला. "तेवढं खरं आहे."

"दादा!" समीक्षा किंचाळली. इतके दिवस कोंडलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. "तुझ्या परीक्षेला आग लागो! तुझा आयर्लंड बुडो! मला जगात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस! आणि अजून मार्क मिळवायचेत तुला?" बोलता बोलता हातातलं उलथनं सुटलं आणि अमृतच्या कानाजवळून सूं करत गेलं. ते गोठ्याच्या दारावर आपटलं.

सुभेदारांनी उलथन्याकडं पाहिलं. मग आपल्या बहिणीकडं, म्हणजे विश्वजितच्या आईकडं पाहिलं. तिचा नेम घरात प्रसिद्ध होता.

"मामा," विश्वजित पहिल्यांदाच बोलला, "मला हीच पायजे. आपल्या आईच्या तोडीची दुसरी मिळायची न्हाई."

विश्वजितची आई खुदकन हसली. मग सुभेदार हसले. मग भाऊसोंनी जी सुपारी इतके दिवस देवघरात ठेवली होती, ती आणली. सुपारी फुटली! पेढे वाटले गेले. अमृतला मात्र पेढा घे असं कुणी सांगितलं नाही, आणि त्यानंही मागितला नाही.

मेढ्याकडून अट एकच आली. लग्नात मुलीच्या भावानं तोंड उघडायचं नाही.

लग्न झालं. कानपिळणीला अमृत पुढं झाला, नवऱ्या मुलाचा कान धरला, आणि सुभेदार मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कान पिळा, पर मत देऊ नगा!" अख्खा मांडव हसला. अमृतही हसला. दुसरं काय करणार? कान मात्र त्यानं अगदी हळू पिळला.

पाठवणीच्या वेळी समीक्षा आईच्या गळ्यात पडून रडली, बापाच्या गळ्यात पडून रडली आणि मग त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. तो गप्पच. अट म्हणजे अट.

"दादा," ती डोळे पुसत म्हणाली, "त्या दिवशीचं पहिलं मत. कॉलेजचं, आईच्या ऑपरेशनचं. ते तरी खरं होतं ना?"

"ते खरं होतं."

"मग तेवढंच सांगायचं होतंस की रे."

गाडी निघून गेली. अमृत मांडवाच्या खांबाला धरून लहान पोरासारखा रडला, आणि त्या रडण्याला दुसरी बाजू नव्हती.

पुढच्या आठवड्यात क्लास सुरू झाला. मॅडम हरणाबाईच्या फोनबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी विषय दिला, 'नेहमी खरं बोलावं का? दोन्ही बाजू मांडा आणि स्वतःचं मत लिहा.' अमृतनं मनाशी शपथ घेतली, आता आयुष्यात उदाहरण रचायचं नाही! त्यानं घडलं तसं सगळं लिहिलं. बैठक, सुपारी, म्हसवडचा जयराज, जीप, उलथनं, सगळं. नावं तेवढी गाळली. लिहिता लिहिता त्याला दोनदा डोळे पुसावे लागले.

पेपर परत आला. खाली मॅडमनी लाल शाईत लिहिलं होतं, 'रचना उत्तम, भाषा सुधारली आहे. पण उदाहरण अजिबात पटत नाही. असं कुठल्याही घरात घडत नाही! खरं वाटेल असं काहीतरी रचून पुन्हा लिहा.'

अमृतनं सुस्कारा सोडला. मिशीवरून एकदा हात फिरवला, आहे तोवर फिरवून घ्यावा म्हणून. मग कोरा कागद पुढं ओढला आणि फार विचार करून, आपल्या भागाशी काडीचा संबंध नसलेलं एक उदाहरण लिहायला घेतलं. नाव, जॉन. गाव, लंडन. नोकरी, ड्रायव्हर.

इथवर आला आणि त्याचं पेन थबकलं. सुभेदारांचा एक पुतण्या लंडनला असतो, असं लग्नात कुणीतरी म्हणालं होतं!

त्यानं जॉन खोडला.